सव्वा लाखाच्या गाडीला साठ हजार घालावेत का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे लावली होती. एमएच ०९, २०११ चं मॉडेल, पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. क्लच जड झाला होता, खड्ड्यातून गेलं की पुढून खटाक वाजायचं आणि एसी नुसता वारा घालत होता. संध्याकाळी मिस्त्रींनी वहीचं पान फाडून हातात दिलं. क्लच सेट ९ हजार, सस्पेन्शन १४ हजार, चार टायर १६ हजार, बॅटरी साडेचार हजार, ब्रेक पॅड २ हजार, एसीचं काम साडेबारा हजार. मजुरी धरून एकूण ५८ हजार.

ते पान घरी आलं आणि सभा भरली. दाजी जेवायला आलेच होते. त्यांनी पान बघितलं, घडी घालून ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "पावणं, गाडी सव्वा लाखाची. तिला साठ हजार घालताय? इकून टाका की!" एजंटानं खरंच १ लाख ३० हजार सांगितले होते. आण्णांचं म्हणणं उलटं. गेल्या वर्षीच रेडिएटर नवा घातलाय, वायपरची मोटर घातलीय, वीस-बावीस हजार गेलेत, आता कशी विकायची?

दोघांचेही हिशेब ऐकायला बिनतोड वाटतात. गंमत अशी, की दोन्ही चुकीचे आहेत आणि बहुतेक घरांत गाडीचा निर्णय या दोनांतल्याच एका हिशेबावर होतो.

आण्णांचा आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. रेडिएटरचे पैसे गेले. गाडी विकली तरी ते परत येणार नाहीत, ठेवली तरी येणार नाहीत. त्यामुळं आजच्या निर्णयात त्यांना जागाच नाही. नवा रेडिएटर आहे म्हणजे पुढची काही वर्षं तो खर्च नाही, एवढाच त्याचा उपयोग धरायचा.

दाजींचा हिशेब फोडायला थोडं कारखान्यात यावं लागेल. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेब लिहितो. आमच्याकडं एक लेथ आहे, माझ्यापेक्षा वयानं मोठी. पुस्तकात तिची किंमत केव्हाच शून्याला टेकली आहे. विकायला काढली तर भंगाराचा भाव येईल. तरी मालक दर दोन-तीन वर्षांनी तिच्यावर तिच्या भंगारभावापेक्षा जास्त पैसे घालतात आणि त्यांना कुणी येडं म्हणत नाही. ते एवढंच बघतात, की हिला ठेवली तर पुढच्या वर्षी किती लागतील आणि हिच्या जागी नवी आणली तर पुढच्या वर्षी किती लागतील. लेथ विकून काय येतं याला त्या हिशेबात फार किंमत नाही.

गाडीचंही तसंच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडायचा नसतो, दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी ताडायचा असतो. कारण सव्वा लाख हातात आले म्हणून तुम्ही पायी फिरणार नाही. तुम्ही दुसरी गाडी घेणार, आणि तिचाही खर्च आहेच. तो वहीच्या पानावर लिहून येत नाही, म्हणून दिसत नाही.

न दिसणारा खर्च

या खर्चाचं नाव घसारा. वस्तू वापरत गेलं की तिची किंमत झिजते, ती झीज. गाडीच्या बाबतीत ती सुरुवातीला धबाधबा होते आणि नंतर मंदावते. विमा कंपन्यांचा जुना ठरलेला तक्ता बघितला तर अंदाज येतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के वजा. म्हणजे विम्याच्या नजरेत पाच वर्षांत गाडी निम्मी होते. त्यापुढची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता.

शिवाय ऑन रोड किमतीतला काही भाग गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडतानाच गेलेला असतो. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १३. सव्वासहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर हे झाले जवळजवळ ६९ हजार. गाडी विकताना घेणारा तुम्हाला रोड टॅक्स वेगळा मोजून देत नाही.

आता आमच्या घरचा हिशेब मांडतो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. आमची गाडी वर्षाला साधारण ८ हजार किलोमीटर पळते. रोजचं राजारामपुरी ते शिरोली मी दुचाकीवर करतो. गाडी लागते ती आण्णांना दवाखान्यात न्यायला, जोतिबाला, पन्हाळ्याला, महिन्या-दोन महिन्यांतून पुण्याला.

नवी छोटी गाडी ऑन रोड साडेसात लाखांना धरली. दीड लाख हातचे, सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १२,४५५ रुपये. पाच वर्षांत व्याज १ लाख ४७ हजार, म्हणजे वर्षाला २९ हजार. पाच वर्षांनी गाडी निम्म्याला विकली जाईल असं धरलं तर घसारा वर्षाला ७५ हजार. हातचे दीड लाख बँकेत असते तर त्यांचं व्याज आलं असतं, ते दहा हजार. विमा जुनीपेक्षा दहा हजारांनी जास्त. सर्व्हिसिंग आठ हजार. बेरीज १ लाख ३२ हजार, दर वर्षी.

जुनी ठेवली तर? आजचे १ लाख ३० हजार पाच वर्षांनी ५० हजार होतील, म्हणजे घसारा वर्षाला १६ हजार. दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग सरासरी ४० हजार, जरा सढळ हातानंच धरलं. पासिंगचा खर्च पाच वर्षांत वाटून दोन हजार. जुनी १३ चं अ‍ॅव्हरेज देते, नवी १९ चं देईल. पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर ८ हजार किलोमीटरला जादा पेट्रोल वीस हजारांचं. बेरीज ७८ हजार.

वर्षाला ५४ हजारांचा फरक, जुनीच्या बाजूनं. आणि ते ५८ हजारांचं भयानक वाटणारं एस्टिमेट? नव्या गाडीचे पाच हप्तेसुद्धा होत नाहीत.

पण हाच हिशेब माझ्या एका मित्राला लावला आणि उत्तर फिरलं. तो औषधांच्या कंपनीत आहे, आजऱ्यापासून शिरोळपर्यंत आठवडाभर फिरतो, वर्षाला २५ हजार किलोमीटर. त्याला जादा पेट्रोलच ६४ हजारांचं पडतं. दुरुस्ती ४० वरून ७० हजारांवर जाते, कारण गाडी पळेल तितकी झिजते. बाकी तसंच ठेवून त्याची जुनी वर्षाला १ लाख ५२ हजारांना पडते. नवीचाही घसारा आणि सर्व्हिसिंग वाढतं, तरी ती दीड लाखाच्या आसपास थांबते. पारडं बरोबरीला आलं. आणि त्याची गाडी गारगोटीच्या पुढं कुठंतरी बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो, तो वेगळाच. त्यानं बदलली ते बरोबरच केलं. त्यामुळं "गाडी किती जुनी आहे" याआधी "गाडी वर्षाला किती पळते" हे विचारा.

झिजणारं आणि मरणारं

मिस्त्रींच्या पानावरच्या सगळ्या ओळी एका जातीच्या नसतात. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉकअप, बुश ही चपलेच्या तळव्यासारखी कामं. नव्या गाडीलाही ती चार-पाच वर्षांनी लागणारच. ती निघाली म्हणून गाडी म्हातारी झाली असं होत नाही. उलट एकदा केली की पुढची काही वर्षं सुटका. आमच्या ५८ हजारांतली बहुतेक रक्कम असलीच होती.

इंजिन आणि गिअरबॉक्स ही दुसरी जात. इथं धूर बोलतो. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुतेक वेळा सेन्सर किंवा इंजेक्टरवर भागतं. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते ती सोडा, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होतंय असं असेल तर हेड गॅस्केटकडं बघा. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ चिकट थर दिसला तर पाणी आणि ऑइल एक झालंय असा संशय घ्यायचा. मिस्त्रींना कॉम्प्रेशन तपासायला सांगा. चारही सिलिंडरचे आकडे पुरेसे आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिनाची तब्येत ठीक.

इंजिन गेलं तरी कोल्हापुरात आभाळ कोसळत नाही. ही आपल्या गावाची खरी मिजास आहे. देशातल्या वाहन कंपन्यांना लागणारं कास्टिंग इथल्या फाउंड्र्यांत ओतलं जातं आणि उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. दुसऱ्या शहरात "आख्खं असेंब्ली बदला" म्हणतात ते काम इथं लेथवर निभावतं. तरीही आमच्या मिस्त्रींनी फुल इंजिन कामाला पन्नास हजारांच्या पुढं सांगितलं. एवढा खर्च इंजिनावर करायचा असेल तर बाकीची गाडी तेवढी जगणार आहे का हे आधी बघायचं.

बाकीची गाडी म्हणजे पत्रा. ही तिसरी जात, आणि माझ्या मते निर्णय हिच्यावरच लागतो.

मिस्त्रींनी त्या दिवशी गाडी रॅम्पवर चढवली, हातात स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं दाराखालच्या पट्टीवर ठोकत पुढून मागं गेले. टण, टण, टण. फाउंड्रीत कास्टिंगला हातोडी मारून तडा ओळखतात तसंच. चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर आवाज बसतो. उजवी बाजू सगळी वाजली. डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ एका जागी आवाज बदलला. थप. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर सरळ केला, टोक टेकवून जरा दाबलं आणि रंगाखालून तपकिरी भुगा खाली पडला. "दादा, हितं बोटभर गेलंय. बाकी माल चांगला हाय. पुढचा पाऊस काढला असता तर हातभर गेलं असतं."

आताच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, आख्खी बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दाराखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि पुढच्या शॉकअपच्या वरचा भाग कुजला तर ते डेंटिंग-पेंटिंगचं काम राहत नाही. बोटभर असेल तर कापून नवा पत्रा जोडता येतो. शॉकअपच्या मुळाशीच गंज पोचला असेल तर मात्र मी एक रुपयाही घालणार नाही. मडगार्डवर वरून दिसणारा गंज दिसायला वाईट, पण तो त्यामानानं बिनविषारी.

आपल्याकडं हा गंज लवकर धरतो, त्याला आपलीच राहणी कारण. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात गगनबावडा, राधानगरीकडं जाणं-येणं. चिखल चाकांच्या कमानीत बसतो, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आतच राहतं. गाडीतलं मॅट उचलून खाली हात लावून बघा. ओलसर, कुबट वास असेल तर तळ आतून भिजतोय. पावसाळा संपल्यावर खालून एकदा नुसत्या पाण्यानं धुवून वाळवली तरी वर्षं वाढतात. त्याला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी करत नाही.

पुराची गाडी

कोल्हापुरात जुन्या गाडीबद्दल बोलायचं आणि पंचगंगेचा विषय टाळायचा, हे होणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि शहरात नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी भागांत पाणी शिरलं. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते ज्यांनी नंतरची क्रेनची रांग बघितली त्यांना सांगायला नको.

पाण्यात बुडालेली गाडी आणि वयानं म्हातारी गाडी यांत मोठा फरक आहे. वयाची झीज दिसते. पुराची दिसत नाही. गाळ वायरिंगच्या जोडांत बसतो, महिन्या-दोन महिन्यांनी तांब्यावर हिरवट थर चढतो आणि मग कधी हेडलाइट, कधी पॉवर विंडो, कधी गाडीचं कॉम्प्युटर असं एकेक निघत जातं. कुठला मिस्त्री किती हुशार याला इथं अर्थ राहत नाही. ज्या गाडीच्या डॅशबोर्डपर्यंत पाणी आलं होतं ती विम्यात जात असेल तर जाऊ द्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी गाडी पूर्ण निकामी धरून पैसे देते.

पाणी ओसरल्यावर "चालू होतीय का बघू" म्हणून चावी फिरवणं ही सगळ्यांत महाग चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुरानं नाही, चालू केल्यानं झालं असं म्हणून साध्या पॉलिसीत विमा कंपनी हात वर करू शकते. इंजिनाचं वेगळं जादा कवच घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

याच कारणानं, गाडी जुनी झाली म्हणून नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा, काढायचा हा सल्ला मी नदीकाठच्या गावात देणार नाही. पण जुन्या गाडीला पूर्ण विमा असूनही पूर्ण पैसे मिळत नाहीत, हेही माहीत असू द्या. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच मिळतात, आणि धातूच्या भागांनाही वयाप्रमाणं कात्री लागते.

पासिंग, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची भीती

"पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" हा मेसेज दर दोन महिन्यांनी येतो. ते खरं नाही, निदान आपल्याकडं नाही. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी हा नियम दिल्ली आणि परिसराचा. हरित लवादानं तो घातला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरला आणि २०२५ मध्ये कोर्टानंच त्याची धार कमी केली. पंधरा वर्षांपुढं नोंदणी वाढवायची नाही हे २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू झालं. आपल्या खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी संपतं, तपासणीत पास झाली की पाच वर्षं वाढतं, त्यानंतर पुन्हा पाच.

फी मात्र वाढली आहे. पूर्वी मोटारीच्या री-पासिंगला ६०० रुपये पडायचे, १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १० हजार. वर राज्याचा पर्यावरण कर. री-पासिंगचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत भरता येतो, आणि उशीर केला तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये चढतात. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेटही लागणारच. वीस वर्षांच्या आतल्या गाडीला हे सगळं मिळूनही वर्षाला दोन-अडीच हजारांच्या पुढं जात नाही. पासिंगच्या भीतीनं गाडी विकणारा माणूस एजंटाच्या फायद्याचा असतो.

भंगारातच काढायची ठरली तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये राज्यानं ठरवलेली सवलत मिळते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते. तिचं पुढं काय होतं याची जबाबदारीही.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे, आणि तो आपल्याच उसातून आलाय. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार झाला, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या हे पेट्रोल पचवतील अशा साहित्याच्या बनतात. त्याआधीच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकतं असं सरकारनंच म्हटलं आहे. दर वीस हजारांच्या पेट्रोलमागं फार तर बाराशे-तेराशे. तेवढ्यासाठी गाडी बदलायची नाही, पण इंधनाचे रबरी पाइप आणि सील एकदा बघून घ्यायचे आणि झिजले असतील तर बदलायचे. गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

सुटे भाग मिळतात का, हाही प्रश्न विचारून ठेवा. शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी भारतात विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. असल्या गाड्यांचे रोजचे भाग मिळतात, पण एखादं मॉड्यूल अडलं की गाडी पंधरा-पंधरा दिवस गॅरेजात.

जे हिशेबात बसत नाही

एक गोष्ट मात्र मला रुपयांत बसवता आली नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. २०११ साली बेस मॉडेलमध्ये ते मिळतच नव्हतं आणि घेताना आम्ही विचारलंही नव्हतं. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. टक्कर चाचणीचे नियमही २०१७ ते २०१९ च्या दरम्यान लागू झाले. उसाच्या हंगामात रात्री हायवेवर दोन ट्रेलर लावलेला, मागं एकही लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर येतो तेव्हा माणसाला ५४ हजार आठवत नाहीत.

म्हणून मी दोन वापर वेगळे केले. गावात, जोतिबाला, दवाखान्यात हीच गाडी. पोरांना घेऊन पुण्याला जायचं तर एसटी किंवा भाड्याची नवी गाडी, रात्रीचा प्रवास नाही. वर्षातून सात-आठ वेळा भाडं दिलं तरी फरकाचे ५४ हजार संपत नाहीत. ज्यांना रोज हायवेवरून जायचं आहे त्यांनी माझं ऐकू नये. त्यांच्यासाठी एवढा एकच मुद्दा गाडी बदलायला पुरेसा आहे.

आणि बदलायची म्हणजे नवीच घ्यायची असं कुठं आहे? २०१९ नंतरची, चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली तर सुरक्षा बऱ्यापैकी येते आणि घसाऱ्याचा पहिला दणका कुणीतरी आधीच सोसलेला असतो. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला हीच वाट सगळ्यांत परवडते, फक्त ती शोरूमच्या काचेतून दिसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पेट्रोलला पूर्वी सेस धरून २९ होता. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या भावाशी घासाघीस करू नका.

वापरलेली घेताना कोल्हापूर, सांगलीत एक गोष्ट चुकवू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट वरून धुतलेला असतो, पण रिळाजवळच्या शेवटच्या वीतभरात गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा आणि मॅटखालचे बोल्टही बघा. जुनी विकताना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत असतो, कंपनीकडून पत्र घेतलं की तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या अर्जावर, सह्या करून गाडी सोडायची आणि विसरायचं हेही नको, आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा.

आमचं काय झालं? एसीचं काम निम्म्यात भागलं, कारण कॉम्प्रेसर नव्हे, पाइप गळत होता. दाराखालच्या पट्टीला साडेतीन हजारांत नवा पत्रा जोडला. एकूण ५५ हजार २०० गेले. मी एक वही केली आहे, तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: सलग दोन वर्षं ६० हजारांच्या वर गेलं, किंवा मिस्त्रींच्या स्क्रू ड्रायव्हरखाली शॉकअपजवळ थप वाजलं, की गाडी विकायची. आण्णांना सही करायला लावली.

दाजींनी दसऱ्याला नवी गाडी घेतली. पेढे घेऊन आले, पण बोळात लावायला जागा नव्हती. मग आमची मागं घेऊन त्यांच्या गाडीला वाट करून दिली. क्लच आता एका बोटानं दबतो.